भाजल्यावांचून आलेले फोड

तान्हें मूल रडूं लागलें म्हणजे घरांतील कोणीतरी त्याला उचलून छातीशीं धरतें आणि बहुधा तेवढ्यानेंच त्याचें रडणें थांबतें. परंतु एखादे वेळीं याच्या उलट घडतें. पाळण्यांत मूल नुसतें कण्हत असतें आणि उचलतांच किंचाळूं लागतें. काखेंत हात घातला किंवा मान सांवरली कीं त्याला वेदना होतात. अंगांत थोडासा ताप असतो, कधीं नसतोहि. तोंडाभोंवतीं, मानेच्या वळ्यांत, काखेंत आणि जांघेंत त्वचा लालसर दिसते. एकदोन दिवसांत ती लाली अंगभर पसरते, ओठांच्या कडांना पिवळसर खपल्या धरतात आणि पाहतां पाहतां अंगावर पाण्यानें भरलेले मोठे, ढिले फोड उठतात. न्हाणें झाल्यावर पाठ टिपावी तों पंचाबरोबर कातडीचा पातळ पापुद्रा सुटून येतो आणि खालचा ओलसर, लालभडक भाग उघडा पडतो.

अशा वेळीं पहिली शंका येते ती कढत पाण्याची. न्हाऊं घालणाऱ्या बाईनें पाण्यांत विसण नीट घातलें नसेल, शेक देतांना शेगडी फार जवळ सरकली असेल, अशी कुजबुज सुरू होते. कोणी अंगांतील उष्णतेला दोष देतो, तर कोणी आईच्या खाण्यापिण्याला. वस्तुतः त्या मुलाला कोणीहि भाजलेलें नसतें. हा एक जंतुजन्य रोग आहे आणि वैद्यकांत त्याला ‘स्टॅफिलोकॉकल स्काल्डेड स्किन सिंड्रोम’, म्हणजे स्टॅफिलोकॉकस जंतूंमुळें त्वचा पोळल्यासारखी होण्याचा विकार, असें नांव आहे. या रोगाविषयीं सर्वांत आधीं ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, जेथें फोड दिसतात तेथें रोगाचें मूळ नसतें. ही एक गोष्ट समजली म्हणजे त्याचा इतिहास, त्याचा उपचार आणि त्याचा प्रतिबंध या तिहींचा उलगडा होतो.

या रोगाचें पहिलें सविस्तर वर्णन प्राग शहरांत झालें. तें शहर त्या काळीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत मोडत असे. तेथील अनाथ अर्भकांच्या आश्रमाची वैद्यकीय व्यवस्था गॉटफ्रीड रिटर फॉन रिटर्सहाइन या बालरोगतज्ज्ञाकडे होती. युरोपांतील मोठ्या शहरांतून त्या शतकांत असे आश्रम होते. टाकून दिलेलीं किंवा आईला सांभाळतां न येणारीं मुलें तेथें ठेवीत, आणि थोड्या दायांच्या हातांतून पुष्कळ बालकें जात. सुमारें दहा वर्षांच्या अवधींत रिटरनें सोलणाऱ्या त्वचेचीं २९७ अर्भकें पाहिलीं, आणि १८७८ सालीं त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं जवळजवळ निम्मीं मुलें दगावलीं. पुढें बराच काळ हा विकार ‘रिटरचा रोग’ या नांवानेंच ओळखला जात असे, आणि नवजात बालकांतील रोगाला तें नांव अद्यापहि देतात.

रिटरनें रोगाचें चित्र अचूक रेखाटलें, पण त्याचा कर्ता त्याला ठाऊक होणें शक्य नव्हतें. तो कर्ता थोड्याच वर्षांत उजेडांत आला. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील शस्त्रवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांना गळवांतील पुवांत सूक्ष्मदर्शकाखालीं गोल जंतूंचे झुबके दिसले. द्राक्षांच्या घडाला ग्रीक भाषेंत जो शब्द आहे, त्यावरून त्यांनीं या जंतूंना ‘स्टॅफिलोकॉकस’ असें नांव दिलें. १८८४ सालीं जर्मन वैद्य रोझेनबाख यांनीं त्यांतील सोनेरी रंगाची वसाहत करणाऱ्या जातीला ‘ऑरियस’, म्हणजे सुवर्णवर्णी, हें विशेषण जोडलें. गळूं, रांजणवाडी, पिकलेली जखम यांच्या मागें बहुधा हाच जंतु असतो.

परंतु हा जंतु कोठून दूर देशांतून येत नाहीं. दर दहा निरोगी माणसांपैकीं सुमारें तिघांच्या नाकांत तो निरुपद्रवीपणें वास करीत असतो. त्या माणसांना ना शिंक येते, ना ताप. मग इतक्या सर्वत्र आढळणाऱ्या जंतूपासून हा रोग इतका क्वचित् कां व्हावा? याचें उत्तर असें कीं, या जंतूच्या सर्व कुळांना तें विष तयार करतां येत नाहीं. शंभरांतील सुमारें पांच कुळांनाच ती विद्या अवगत असते. हें विष मुख्यतः दोन प्रकारचें असून त्यांना ‘अ’ आणि ‘ब’ म्हणतात. त्यांतील ‘अ’ विषाची कृति तर जंतूची स्वतःची नव्हेच. जंतूंनाहि ग्रासणारे अतिसूक्ष्म विषाणू असतात, आणि त्यांपैकीं एकानें ती आपल्याबरोबर जंतूच्या पेशींत आणलेली असते.

तरीहि एक कोडें बराच काळ सुटत नव्हतें. रोगी बालकाच्या फोडांतील पाणी तपासलें तर त्यांत जंतु सांपडत नसत. जंतु नाहींत, तर फोड कशानें आले? त्यांतच १९५६ सालीं ॲलन लायल या ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञानें पोळल्यासारखी त्वचा सुटणाऱ्या रुग्णांचें वर्णन केलें, आणि पुढें दिसून आलें कीं त्या एका नांवाखालीं दोन भिन्न रोग एकत्र झाले होते. एक औषधाच्या प्रतिक्रियेमुळें होणारा, आणि दुसरा स्टॅफिलोकॉकसमुळें होणारा. या गोंधळांतून वाट काढली ती १९७० सालीं. अमेरिकेंतील रॉचेस्टर विद्यापीठांत मॅरियन मेलिश आणि लोवेल ग्लासगो यांनीं रोगी मुलांपासून मिळालेले जंतु नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या पिलांना टोंचले, आणि थोड्याच तासांत पिलांची त्वचा बालकांप्रमाणेंच सुटूं लागली. हें कार्य जंतूंनीं जागच्या जागीं केलेलें नसून त्यांनीं सोडलेल्या विषाचें होतें, हें या मार्गानें सिद्ध झालें.

आतां फोडांतील पाणी निर्जंतुक कां असतें तें स्पष्ट होतें. जंतूंचें ठाणें दुसरीकडेच असतें. नवजात बालकांत तें बहुधा बेंबीच्या ओल्या नाळेवर किंवा लंगोटाखालच्या जागेंत असतें. थोड्या मोठ्या मुलांत तें नाकांत, घशांत, चिकटलेल्या डोळ्यांत किंवा एखाद्या क्षुल्लक खरचटलेल्या जागीं असतें. पुष्कळदां हें ठाणें इतकें लहान असतें कीं शोधूनहि लवकर सांपडत नाहीं. तेथें बसून जंतु विष सोडतात, विष रक्तांत मिसळतें आणि रक्ताबरोबर अंगभर हिंडून त्वचेपर्यंत पोंचतें.

हें विष त्वचेला नेमकें काय करतें हें समजण्यासाठीं त्वचेची रचना पाहिली पाहिजे. बाह्यत्वचा ही एकावर एक रचलेल्या पेशींच्या थरांची बनलेली असते. तळाच्या थरांत नव्या पेशी जन्मतात, वर वर सरकतात, चपट्या होतात आणि अखेर निर्जीव पापुद्र्याच्या रूपानें झडून जातात. शेजारच्या दोन पेशी एकमेकींस चिकटून राहतात त्या कांहीं खास प्रथिनांच्या टांक्यांमुळें. गोधडीचे थर दोऱ्याच्या टांक्यांनीं धरून ठेवावे, तसाच हा प्रकार आहे. या टांक्यांतील एका प्रथिनाचें नांव ‘डेस्मोग्लीन-१’ आणि दुसऱ्याचें ‘डेस्मोग्लीन-३’. बाह्यत्वचेच्या वरच्या थरांत मुख्य भिस्त पहिल्यावर असते. खालच्या थरांत आणि तोंडांतील अंतस्त्वचेंत मात्र दुसरेंहि भरपूर असतें.

त्वचारोगतज्ज्ञांना ‘पेम्फिगस फोलिएशस’ नांवाचा एक अगदीं निराळा विकार परिचित होता. त्यांत रोग्याच्या स्वतःच्याच रक्तांतील प्रतिद्रव्यें डेस्मोग्लीन-१ वर हल्ला करतात आणि त्वचेचा वरचा थर सुटतो. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां या विकारांत आणि तान्ह्या मुलांच्या रोगांत त्वचा एकाच पातळीवर दुभंगलेली दिसते. हें साम्य आकस्मिक नसावें, असा विचार करून टोकिओच्या केइओ विद्यापीठांतील मासायुकी अमागाई, अमेरिकेंतील जॉन स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं जंतूच्या विषाची परीक्षा केली, आणि २००० सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. हें विष म्हणजे प्रथिनें कापणारी एक कात्री असून ती डेस्मोग्लीन-१ हा एकच टांका तोडते, आणि डेस्मोग्लीन-३ ला हातहि लावीत नाहीं.

या एका शोधानें रोगाच्या कितीतरी लक्षणांचा अर्थ लागला. वरच्या थरांतील टांके तुटतात म्हणून फोडांचें आवरण अतिशय पातळ असतें आणि जरा घांसलें तरी फाटतें. ओठांच्या बाहेर खपल्या धरल्या तरी तोंडाच्या आंतील भाग शाबूत राहतो, कारण तेथें डेस्मोग्लीन-३ चे टांके भार सांभाळून घेतात. आणि मुख्य म्हणजे, ज्या खालच्या थरांत नव्या पेशी जन्मतात ते सुरक्षित असल्यामुळें जंतूंचा बंदोबस्त झाला कीं एकदोन आठवड्यांत नवी त्वचा येते आणि सहसा व्रण मागें राहत नाहीं. सोललेलें अंग पाहून ज्या आईला मूल जन्मभर विद्रूप राहील अशी धास्ती वाटते, तिला हें सांगितलें पाहिजे.

मग हें संकट प्रामुख्यानें लहान मुलांवरच कां यावें? बहुतेक रोगी पांच-सहा वर्षांच्या आंतील असतात, आणि याचीं दोन कारणें मानतात. पहिलें असें कीं, या विषाला निष्प्रभ करणारीं प्रतिद्रव्यें वयाबरोबर मिळत जातात. मोठ्या माणसांचा या जंतूशीं अनेक वेळां संबंध आलेला असतो. आईच्या रक्तांत तीं असलीं तर जन्मतांना कांहीं वांटा बाळालाहि मिळतो, पण नसलीं तर बाळ अगदीं उघडें पडतें. दुसरें असें कीं, विष शरीराबाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडें करतात, आणि तान्ह्या मुलाचीं मूत्रपिंडें अद्याप पुरेशीं कार्यक्षम झालेलीं नसतात. प्रौढांमध्यें हा रोग फार विरळ आहे. तो बहुधा मूत्रपिंडें निकामी झालेल्या किंवा प्रतिकारशक्ति अतिशय खालावलेल्या माणसांना होतो, आणि त्यांच्यांत निम्म्याहून अधिक रोगी दगावतात. वेळेवर उपचार मिळालेल्या मुलांत मात्र हें प्रमाण शंभरांत पांचाहून कमी आहे. रिटरच्या काळांतील निम्म्या मृत्यूंशीं याची तुलना केली म्हणजे वैद्यकानें मध्यंतरीं केवढी मजल मारली तें कळून येतें.

याच विषाचें एक सौम्य रूपहि असतें. ज्या मुलांच्या रक्तांत प्रतिद्रव्यें आहेत त्यांच्या अंगांत विष दूरवर पोंचूं शकत नाहीं. तें जंतूंच्या ठाण्यापुरतेंच काम करतें आणि चार दोन सुटे फोड येऊन थांबतें. अशा फोडांतील पाण्यांत जंतु सांपडतात, आणि तें दुसऱ्या मुलाला लागलें तर रोग पसरतो. घरांतील मोठ्या भावंडाच्या नाकाखालीं आलेला असा एखादा फोड आईला किरकोळ वाटतो. परंतु पाळण्यांतील बाळाला त्याचीच भीति अधिक असते.

रोगाचें निदान लवकर होणें महत्त्वाचें आहे, कारण याच्यासारखे दिसणारे दुसरे विकार आहेत आणि त्यांचे उपचार भिन्न आहेत. भाजल्याचा फोड जेथें उष्ण पदार्थ लागला तेथेंच येतो. हा रोग मात्र शरीराच्या वळ्यांतून सुरू होऊन पसरतो. कांजिण्यांचे फोड लहान, सुटे आणि एकामागून एक लाटांनीं येणारे असतात. औषधाच्या प्रतिक्रियेनें होणाऱ्या रोगांत बाह्यत्वचेची संपूर्ण जाडीच सुटते, तोंडाच्या व डोळ्यांच्या आंतील नाजूक भाग सोलतात, आणि प्रकृति फार गंभीर होते. शंका राहिलीच तर सुटलेल्या कातडीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून ती कोणत्या पातळीवर दुभंगली हें डॉक्टर ठरवूं शकतात. निरोगी दिसणाऱ्या त्वचेवर बोटानें हलकेच तिरकस दाब दिला असतां ती सरकते, या खुणेला रशियन त्वचारोगतज्ज्ञ निकोल्स्की यांचें नांव आहे. ती खूण डॉक्टरांनीं पाहावयाची असते. घरीं ती पाहण्याचा प्रयोग केल्यास बाळाचें कातडें मात्र अधिक सुटेल.

उपचाराची दिशा रोगाच्या स्वरूपांतूनच निघते. मूळ फोडांत नाहीं, म्हणून नुसत्या फोडांवर मलम लावून रोग हटत नाहीं. जंतु जेथें दडले असतील तेथें त्यांचा नाश करणारें प्रतिजैविक औषध शिरेंतून द्यावें लागतें. साध्या पेनिसिलिनला या जंतूंनीं फार पूर्वींच दाद देणें सोडलें, कारण त्यांपैकीं बहुतेकांना पेनिसिलिन फोडून टाकणारें द्रव्य तयार करतां येतें. म्हणून क्लॉक्सासिलिनच्या जातीचीं औषधें वापरतात, आणि त्यांनाहि न जुमानणारे जंतु असल्यास दुसरीं. ‘स्टेरॉइड’ जातीचीं औषधें या रोगांत टाळतात, कारण त्यांनीं शरीराची प्रतिकारशक्ति दुबळी होते. त्वचेवर लाली दिसतांच पूर्वीं कोणाला तरी दिलेली मलमाची नळी कपाटांतून काढून लावण्याची जी संवय अनेक घरांत असते, तिच्यापासून येथें धोका आहे.

औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची. त्वचा ही शरीरांतील पाणी व ऊब राखणारी भिंत आहे. ती जागोजागीं उघडी पडली म्हणजे बाळाच्या अंगांतील पाणी झिरपून जातें, अंग गार पडतें, आणि उघड्या जागेंतून दुसरे जंतु आंत शिरूं शकतात. म्हणून इस्पितळांत पाणी व क्षार मोजून देतात, खोली उबदार ठेवतात, उघड्या भागाला साधें व्हॅसलीनसारखें स्निग्ध द्रव्य लावून न चिकटणाऱ्या पट्टीनें झांकतात, आणि वेदनाशामक औषध देतात. चिकटपट्टी त्वचेला मुळींच लावीत नाहींत. मुलाला हाताळणें होईल तितकें कमी करतात. हळद, तूप, राख, पिठाची धूळ, लेप असें कांहींहि अशा अंगावर लावूं नये. फोड फोडूं नयेत आणि सुटलेली कातडी ओढूं नये. आईचें दूध मात्र, बाळ घेत असल्यास, चालू ठेवावें.

प्रतिबंधाचा विचार करूं लागलें म्हणजे प्रागच्या आश्रमाची पुन्हां आठवण होते. एका छपराखालीं अनेक अर्भकें आणि त्यांच्यामध्यें फिरणारे थोडे हात, ही परिस्थिति या रोगाला फार अनुकूल असते. पुढील काळांतहि प्रसूतिगृहांच्या अर्भक-कक्षांतून त्याच्या सांथी झाल्या आहेत, आणि तपास करतां कधीं कधीं एखाद्या पूर्णपणें निरोगी शुश्रूषकाच्या नाकांत किंवा हातावर तोच जंतु आढळून आला आहे. अशा माणसाचा यांत कांहींहि अपराध नसतो, कारण आपण जंतु बाळगून आहों हें त्याला कळण्याचा मार्गच नसतो. म्हणूनच दोषी कोण हें शोधीत बसण्यापेक्षां प्रत्येकानें हात धुणें हाच खरा बंदोबस्त ठरतो.

मराठी घरांत बाळंतपणानंतरचे पहिले चाळीस दिवस अनेक हातांचे असतात. न्हाऊं घालणारी बाई येते, तिच्या हातून दिवसाकाठीं आणखी दोनचार बाळें न्हालेलीं असतात. आजी काजळ घालते, आत्या-मावश्या मांडीवर घेतात, बारशाला आलेली मंडळी गालाला हात लावतात. हें सारें प्रेमानें होतें आणि तें बंद करण्याचें कारण नाहीं. फक्त बाळाला घेण्यापूर्वीं प्रत्येकानें साबणानें हात धुवावे, नखें कापलेलीं असावीं, आणि बोटावर गळूं किंवा पिकलेली जखम असलेल्या माणसानें ती बरी होईपर्यंत बाळापासून दूर राहावें. गळून पडेपर्यंत नाळ कोरडी व स्वच्छ ठेवावी, तिच्यावर तेल, राख किंवा काजळ घालूं नये. डोळ्यांत काजळाचें बोट फिरविण्याची चाल तर सोडून देणेंच बरें. बेंबीभोंवतीं लाली, पू किंवा दुर्गंधि दिसली, अथवा डोळे चिकटूं लागले, तर ती किरकोळ बाब न समजतां डॉक्टरांना दाखवावें.

आणि एवढी काळजी घेऊनहि एखादे दिवशीं तान्हें मूल उचलतांच किंचाळूं लागलें, त्याच्या तोंडाभोंवतीं व वळ्यांत लाली दिसली, तर फोड येण्याची वाट पाहूं नये. त्याच दिवशीं, रात्र असली तरी, त्याला इस्पितळांत न्यावें. बरोबर जातांना गेल्या कांहीं दिवसांत त्याला कोणतीं औषधें दिलीं आणि घरांत कोणाला गळूं अथवा फोड होता हें आठवून सांगावें. डॉक्टरांना त्या माहितीचा मोठा उपयोग होतो. पाणी कोणी कढत घातलें या वादांत एक रात्र गेली, तर तेवढ्या अवधींत लाली अंगभर पसरते. ती रात्र वांचविली तर पुढच्याच महिन्यांत तें बाळ कोणताहि व्रण न बाळगतां पुन्हां आईच्या मांडीवर निर्धास्त न्हातें.